मालकाचा डबा

हे मी आजवर कुणाला पूर्ण सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. एका माणसाचं नाव मी सांगितलं आणि तो माणूस मेला. ज्यांना थोडंफार माहीत आहे त्यांना मी म्हणत आलो की वरून दाब होता, नोकरी जाणार होती. खोटं आहे ते. कुणी दम दिला नव्हता. दम दिला असता तर आज थोडी झोप तरी लागली असती.

पण सुरुवात डब्यापासून झाली. तिथूनच सांगतो.

मी जेलचा शिपाई. बावीस वर्षं झाली. मराठवाड्यातलं एक जिल्हा कारागृह, एवढंच इथं लिहितो. गाव माझं देवणीकडचं, मांगवाड्यातलं. हे घडलं तेव्हा माझी ड्युटी फाटकावर होती. आत येणाऱ्या प्रत्येक वस्तूची झडती घ्यायची.

आत एक न्यायबंदी होता, खटला चालू असलेला. जमिनीच्या भांडणात एकाच्या अंगावर जीप घातली म्हणून आलेला. लातूरकडचा, मोठ्या घरचा. कैदी त्याला ‘मालक’ म्हणत. शिपाईही म्हणत. मीही म्हणायचो. बावीस वर्षं खाकी घातलेला माणूस एका आरोपीला मालक म्हणायचा, आणि त्यात काही वावगं वाटत नव्हतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

कोर्टानं त्याला घरच्या जेवणाची परवानगी दिली होती. रोज दुपारी चार पुडांचा स्टीलचा डबा यायचा. नियम साधा आहे. पूड अन् पूड उघडायचं, पोळी मधून फाडून बघायची, भाजीत तळापर्यंत चमचा फिरवायचा. पहिल्या दिवशी मी तेच करत होतो. मालक आतल्या बाजूला उभा होता. तिथं त्याचं काही काम नव्हतं, पण त्याला कुणी हटकत नसे. शेजारी जेलर साहेब.

“कोण हाय हा?” त्यानं विचारलं.

साहेबांनी माझं आडनाव सांगितलं. बस, आडनाव. तेवढं पुरलं.

“न्या तो डबा. कुत्र्याला टाका.” मग साहेबांकडं बघून हसत म्हणाला, “साहेब, कोर्टानं घरचं जेवण दिलं कशासाठी? असल्यांचे हात लागू न्हाईत म्हणूनच ना?”

साहेब हसले. चमचा माझ्या हातात होता. त्यातून रस्सा माझ्या बुटावर ठिबकत होता.

साहेब म्हणाले, “उद्यापासून मालकाच्या डब्याला तू हात लावायचा न्हाईस.”

“हाव साहेब,” मी म्हणालो.

बुटावरचा डाग पुसला आणि पुढची पिशवी उघडली.

दुसऱ्या दिवसापासून ते काम दुसऱ्या शिपायाला दिलं. तो मालकाच्या भावकीतला निघाला. त्याला मी एकदा म्हणालो, “अरे, निदान झाकण तरी उघडून बघ.” तो म्हणाला, “तुला कळतंय का? त्यांच्या ताटात मी बोटं घालू?” झालं. माझा हात चालत नव्हता म्हणून मी उघडायचा नाही, त्याचा हात धजत नव्हता म्हणून तो उघडायचा नाही. सगळ्या जेलात एकच वस्तू झडतीशिवाय आत जात होती. वर कॅमेरा होता, मेटल डिटेक्टर होता, भिंतीवर तारा होत्या. स्टीलच्या डब्यावर डिटेक्टर वाजणारच, त्याला कोण विचारतो? वाजायचा आणि डबा आत जायचा.

माझ्याकडं आणखी एक काम होतं. खबरीचं. बराकीत काय चाललंय, कोण पळायच्या बेतात आहे, कुणाकडं गांजा आहे, कुणाला मारायचं ठरतंय, ते कैद्यांकडून काढून वर पोचवायचं. हे काम देताना साहेब सगळ्यांदेखत म्हणाले होते, “तुझा बाप हलगी वाजवायचा ना रे? मग तुला कान असणार. आत काय वाजतंय ते सांगत जा.” सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याची मला आज जेवढी किळस येते तेवढी त्यांच्या बोलण्याचीही येत नाही.

या कामाचा एकच नियम असतो आणि तो कुठं छापलेला नाही. खबर वर द्यायची, माणसाचं नाव द्यायचं नाही. रिपोर्टात लिहायचं, ‘खात्रीलायक बातमी मिळाली’. मला हे शिकवणारा जुना हवालदार म्हणायचा, “साहेबानं इचारलं तरी नाव न्हाई. साहेब बदलून जातो रे, कैदी त्याच बराकीत झोपतो.”

माझा माणूस होता थावरा. इस्लापूरच्या बाजूचा, तांड्यावरचा. किनवटच्या जंगलातलं सागवान चोरल्याचा गुन्हा. जामीन मंजूर झाला होता, पण जामीनदार मिळत नव्हता. चौदा महिने आत. सकाळच्या गिनतीला कैदी दोन-दोनच्या जोडीनं उकिडवे बसतात. थावराकडं काही सांगायचं असलं की तो शेवटच्या जोडीत बसायचा. मग मी त्याला झाडायला म्हणून बाजूला काढायचो.

एका सकाळी तो शेवटच्या जोडीत होता.

“साहेब, मालकाच्या डब्यात फोन येऊन राह्यला.”

“कुठं?”

“भाताच्या खाली. पन्नीत बांधून. दोन आले आतापर्यंत.” झाडू न थांबवता तो बोलत होता. “आमी सागाचा एक ओंडका उचलला त चौदा महिने. आन् ह्याचा डबा कोन उघडतच न्हाई. पुढल्या जन्मी मी डबाच होतो साहेब.”

मला हसू आलं. मी म्हणालो, “पण तुला रे काय पडलंय त्याच्या फोनचं?”

तो थांबला. “त्याच्या केसच्या साक्षीदाराच्या घरी फोन लावते तो. काल त्याची बायको रडून राह्यली होती. ह्यायनं स्पीकर लावला होता. हासत होते.” मग पुन्हा झाडू लागला. “मले बायको हाय ना साहेब.”

मी खूश झालो. खरं सांगायचं तर त्या साक्षीदारासाठी नाही, त्याच्या रडणाऱ्या बायकोसाठीही नाही. मला तो चमचा आठवला. आता बघू म्हटलं, कुणाचा हात लागतो ते.

मी साहेबांकडं गेलो. खात्रीलायक खबर आहे म्हणालो. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. उठून दार लावलं. आणि म्हणाले, “बस.”

मला कळलंच नाही. त्या खोलीत शिपाई बसत नाही. त्यांनी समोरच्या खुर्चीकडं बोट केलं. मी कडेला टेकलो. चहा मागवला. आम्हाला व्हरांड्यात कागदी कपात मिळतो. हा बशीवर आला. साहेबांच्या कपासारखाच कप. त्यांनी माझ्या मुलीचं नाव घेऊन विचारलं, लातूरला क्लासला आहे ना, नीटची तयारी कशी चालली. तिचं नाव त्यांना ठाऊक होतं. म्हणाले, “खात्याला तुझ्यासारखी माणसं पाहिजेत. बाकीची नुसती पोटं भरतात.” मी खुर्चीत जरा मागं सरलो. पाठ टेकली.

“माणूस पक्का आहे ना? कोण आहे?”

“थावरा,” मी म्हणालो.

एकदाच विचारलं त्यांनी. दुसऱ्यांदा विचारावं लागलं नाही.

हेच ते. एक खुर्ची, एक कप चहा, मुलीची चौकशी. बावीस वर्षं ज्यांनी मला उभं ठेवलं त्यांनी दहा मिनिटं बसवलं आणि मी एका माणसाचा जीव त्यांच्या हातात ठेवला. बाहेर आलो तेव्हा माझी छाती फुगलेली होती.

झडती झाली नाही. दुसऱ्या दिवशी डबा आला आणि तसाच आत गेला. तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं. कळलं होतं, असंही म्हणता येईल. मी थावराला दुसऱ्या बराकीत हलवायला अर्ज करू शकत होतो. केला नाही. साहेबांनी विश्वास टाकलाय, आपण शंका कशी घ्यायची, असं मनाला सांगत राहिलो.

चौथ्या दिवशी सकाळी आंघोळीच्या वेळी हौदाकडून आरडाओरडा झाला. मी धावलो. मालकाची दोन माणसं बाजूला उभी राहून हात धूत होती. थावरा फरशीवर पडला होता. कानातून रक्त येत होतं. त्या कोपऱ्यातला कॅमेरा आठ दिवसांपासून बंद होता. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. त्यानं मला ओळखलं.

“लई इचारलं त्यायनं,” तो म्हणाला. “कोन्या शिपायाले सांगतोस म्हनून. तुमचं नाव घेतलं न्हाई साहेब.”

त्यानं नियम पाळला. तो चोरीच्या गुन्ह्यातला कैदी. मी सरकारचा माणूस.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात तो वारला. कागद तयार झाले. ‘हौदावर पाय घसरून पडला, डोक्यास मार.’ साक्षीदार म्हणून माझी सही. मी ती केली.

प्रेत न्यायला त्याची बायको आली, सोनाबाई. भाऊबंद दोन. दवाखान्याच्या फाटकापाशी मी बंदोबस्ताला होतो. तिनं माझ्या छातीवरचं नाव कुणाकडून तरी वाचून घेतलं आणि जवळ आली.

“तुमीच का ते साहेब? मुलाखतीले आले की सांगे तो, येक साहेब आपल्यासारखाच हाय म्हनून. भेव नोको करू म्हने.” आणि ती माझ्या पाया पडली.

मी पाय मागं घेतला नाही. घेता आला नाही. तिचं कपाळ माझ्या बुटाला टेकलं आणि मी तसाच उभा राहिलो. त्या दिवसापासून वाफाळलेल्या भाताचा वास आला की मी ताटावरून उठतो. घरचे म्हणतात, पित्त आहे.

कोठडीत माणूस मेला की मॅजिस्ट्रेटची चौकशी लागते. ती लागली. साहेबांनी आम्हा पाच शिपायांना खोलीत बोलावलं. टाइप केलेल्या पाच जबान्या टेबलावर ठेवल्या होत्या. पाचही सारख्या. बाकी चौघांनी सह्या केल्या. मी कागद उचलून वाचायला लागलो.

“वाचतोस काय?” साहेब म्हणाले. “तुझ्या बापानं कधी वाचला होता का कागद? कर सही.”

इतकी वर्षं अशा बोलण्यावर मी हसलो होतो. या वेळी हसू आलं नाही. राग नाही, किळस आली. त्या खोलीची, त्या कागदाची, माझ्या स्वतःच्या हाताची.

“घसरून पडला न्हाई तो,” मी म्हणालो. “मी सही करणार न्हाई.”

साहेबांचा आवाज उतरला. “इचार कर. नाव तूच दिलंस. मी सांगेन तसं. तूच अडकशील.”

“हाव. मीच दिलं. तेच सांगणार हाय.”

कागद टेबलावर ठेवला आणि बाहेर आलो. आठवड्यात बदली झाली, नोटीस आली. भाऊ म्हणतो, पेन्शनला किती राहिलंय बघ, गप बस.

मॅजिस्ट्रेटपुढं मी स्वतःच्या हातानं अर्ज दिला आहे. आधीची सही खोटी होती, जबानी पुन्हा घ्या. तारीख मिळाली आहे. वकील म्हणाला, डब्याचं सांगा, मारहाणीचं सांगा, बंद कॅमेऱ्याचं सांगा, पण नाव कुणी फोडलं ते तुम्हाला कुणी विचारणार नाही, तेवढं सोडा. मी सोडणार नाही. जेलचं नाव, जेलरचं नाव, मालकाचं नाव, सगळी जी इथं गाळली ती तिथं लिहून देईन. पण पहिलं वाक्य माझं स्वतःचं असेल. दुसऱ्यांकडं बोट दाखवायचा अधिकार मला त्या वाक्यानंतरच आहे.

कोर्टाचं होईल. त्याची भीती गेली आहे. पण सोनाबाई अजून मला चांगला माणूस समजते. तिला सांगायला म्हणून मी दोनदा निघालो. दोन्ही वेळा गाडी बदलायला मुदखेडला उतरलो, किनवटकडची गाडी समोर लागलेली बघितली आणि उलट्या गाडीनं घरी आलो. तिला कागदावरून, वकिलाकडून, दुसऱ्या कुणाच्या तोंडून हे कळता कामा नये. तारखेच्या आधी मला तांड्यावर जायचं आहे आणि तिच्यासमोर उभं राहून म्हणायचं आहे की थावराचं नाव मी सांगितलं, कुणी न धमकावता सांगितलं. त्यावर ती जे करील ते करील.

एवढं मी तिचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.