तेलकट हातांची चाचणी

कारखान्यात कोणी शिकलेलं माणूस आलं की मला आधी आनंद होतो आणि मग राग येतो. हा क्रम अजून तरी चुकलेला नाही.

माझी आई लांज्याजवळच्या एका कारखान्यात हाताने चालवायच्या मशीनवर काजू फोडते. गेल्या वर्षी तिथे एक तरुण संशोधक बाई आली. तिच्या डब्यात पारदर्शक, लिबलिबीत पट्ट्या होत्या. त्यांना हायड्रोजेल म्हणतात, म्हणजे पाणी धरून ठेवणारी, ताणली जाणारी जेली. तिच्यात मीठ घातलं की तिच्यातून वीज वाहते. पट्टी मनगटाला चिकटवायची, मनगट वाकेल तशी थोडी थोडी वीज तयार होते. आईचं मनगट आठ तास हलतं, म्हणून आई हवी होती.

संमतीपत्र इंग्रजीत होतं. त्याचं मराठी मी केलं. फुकट केलं आणि मिरवत केलं, हेही कबूल करते. कामगारांच्या मागण्यांची पत्रकं लिहून लिहून मला वाटायला लागलं होतं की मजकूर सोपा केला की माणूस फसत नाही.

चाचणीच्या दिवशी मी आईशेजारीच उभी होते. पट्टी लागली, आईने मनगट वाकवलं आणि तारेच्या टोकाचा इवलासा दिवा लुकलुकला. पलीकडच्या मशीनवरची काकी ओरडली, "अगो, लाइट गेली की तुलाच आमच्याकडं नेऊन बसवते!"

मग आईने वाटीतलं तेल घेतलं आणि बोटांपासून कोपरापर्यंत चोळलं. रोज चोळते. काजूच्या टरफलात चीक असतो. तो लागला की कातडी भाजल्यासारखी काळी पडते, मग सोलून निघते. हातमोजे द्या म्हणून मी तीन पत्रकं काढली. ती शेंगदाण्याच्या पुड्यांना उपयोगी पडली. इथे तेल हाच हातमोजा.

पट्टी पाच मिनिटांत घसरून बियांच्या ट्रेमध्ये पडली. पुन्हा लावली, पुन्हा पडली.

बाईने फार नम्रपणे विचारलं, "मावशी, आज हात साबणाने धुऊन, तेल न लावता काम कराल का? एकच दिवस."

आईच्या आधी मुकादमच बोलला. "करेल की. सही केलीय तिनं."

"सही पट्टीसाठी केलीय," मी म्हटलं. "हात भाजून घ्यायला नाही."

"तू गप गो, पत्रकवाली. एका दिसानं कोण मरत नाय."

मी तोंड उघडणार तेवढ्यात आईने मशीन थांबवलं आणि ती स्टुलावरून उठली. "बाय, तू बस हितं. हात धू, तेल लावू नको. पन्नास बिया फोड. मग मी धुते."

मला वाटलं, बाई हसून टाळेल. ती बसली. माझं भाषण तयार होतं, ते तसंच राहिलं. सातव्या-आठव्या बीला चीक उडून तिच्या बोटांच्या बेचक्यात गेला. तिने रुमालाने पुसलं, आणखी चार फोडल्या, मग हात झटकायला लागली.

आईने वाटी पुढे सरकवली. "लाव. लाजू नको."

तिने तेल लावलं. आईला हात धुवायला कोणी पुन्हा सांगितलं नाही.

पण दुपारी बाई वहीत काय लिहितेय ते मी वाकून वाचलं. इंग्रजीतच होतं: कामगारांची त्वचा तेलकट, चाचणीस अयोग्य.

"खोडा ते."

"अहो, ही फक्त नोंद आहे."

"त्वचेत काही खोट नाही. तुमची पट्टी तेलावर टिकत नाही, तसं लिहा."

"प्रयोगशाळेत आम्ही कोरड्या, स्वच्छ हातांवरच तपासतो."

"मग तिथल्याच लोकांच्या हातांना लावा! दिवसभर मनगट मोडणाऱ्यांचे हात कोरडे असतात, असं सांगितलं कुणी तुम्हाला?"

तिचे कान लाल झाले. तरी तिने ओळ खोडली. पट्टी तेलकट हातावर टिकत नाही, दोष पट्टीचा, असं लिहिलं. मी तिला ते आईसाठी मराठीत मोठ्याने वाचायला लावलं.

आईने बी फोडता फोडता ऐकलं. "खोबरेल व्हतं, ते लिव."

बाईने लिहिलं.

"आणि ते मी घरनं आणते. कारखाना देत नाय. तेपण लिव."

मुकादम मागेच उभा होता. बाईने त्याच्याकडे पाहिलं, मग वहीकडे, आणि लिहिलं.