फोटो हलला

एक्स-रेच्या खोलीतल्या माणसाला आमचा अख्खा दवाखाना हलेमास्तर म्हणायचा. हे नाव त्यांना चिकटवलं मी. खोटं कशाला बोलू?

नोंदणीच्या खिडकीत मी एकोणीस वर्षं काढली. माझी जीभ तिखट आहे, मान्य. पण गोड जिभेच्या बाईला त्या खिडकीत लोकांनी आठवड्याभरात विकून खाल्लं असतं. माझ्या अगदी समोर एक्स-रेचं दार. त्यावर शिशाचा जाड पत्रा, वर लाल दिवा, आत एका अंधाऱ्या कोनाड्यात फिल्म धुवायच्या आणि चिमट्याला लावून वाळत टाकायच्या. मास्तर बुटके, पोट सुटलेले, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. माणूस गरीब होता, पण कामात ढ! वर्षातून एक-दोनदा तरी ते बाहेर येणार, मूल कडेवर घेतलेल्या कुठल्यातरी बाईसमोर मान खाली घालून उभे राहणार आणि म्हणणार, "फोटो हलला हो. माझी चूक. मंगळवारी सकाळी दहाला परत या. धरायला बाळाच्या वडिलांनाही आणा. पैसे पडणार नाहीत."

झालं! ती बाई जी सुटायची की विचारू नका. दोन बस बदलून आलेय, कामावर खाडा झालाय, एक फोटो धड काढता येत नाही का तुम्हाला? मग मलाही चेव यायचा. "मास्तर, हात कापत असतील तर घरी बसून शेंगा सोला!" रांगेतले लोक खदखदून हसायचे. मास्तर आत जाऊन पुढचं नाव पुकारायचे. मोठ्यांचे फोटो त्यांच्याकडून कधी हलले नाहीत. हलायचे ते पोरांचे, तेही तीन-चार वर्षांच्या. मला वाटायचं, याला पोरं आवरत नाहीत.

एकदा तर दुसऱ्या दिवशी आलेल्या एका बापाने त्यांच्या कानाखाली ठेवून दिली. चष्मा घरंगळत माझ्या खिडकीपाशी आला. मास्तरांनी तो उचलला, सदऱ्याला पुसला आणि त्या बापाला म्हणाले, "तुम्ही आलात ते फार बरं केलंत." वरिष्ठांनी मास्तरांनाच लेखी समज दिली. ती टाइप करायला माझ्याकडे आली आणि मी ती मिटक्या मारत टाइप केली. आज आठवलं की माझाच मला राग येतो.

मला खरं कळलं ते सहाव्या वर्षी. एका मंगळवारी कसला तरी कागद द्यायला मी आत गेले. एका मुलीचा आदल्या दिवशी 'हललेला' फोटो लाइटच्या पेटीवर लावला होता. लख्ख! नडगीची कड न् कड दिसत होती. यंत्र बंद होतं. आणि शेजारच्या खोलीत हाडांचे डॉक्टर त्या मुलीच्या आईबापांना समोर बसवून हळू आवाजात काहीतरी सांगत होते. हाडांचे डॉक्टर आमच्याकडे फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी यायचे.

"हा हललाय?" मी म्हटलं. "माझे काय डोळे फुटलेत?"

मास्तरांनी दार लोटलं आणि फोटोवर बोट ठेवलं. "कांद्याचे पापुद्रे सुटावेत तसं दिसतंय ना हाडावर? आतून पोखरलंय. कॅन्सर असणार. चार वर्षांची आहे."

"एवढ्याशा पोरीला? हाडाचा?"

"होतो. फार थोड्यांना होतो, म्हणूनच कुणाच्या मनात येत नाही. मुका मार म्हणून शेकत बसतात."

"मग तोंड उघडून सांगा ना सरळ!"

"आम्हाला सांगायची परवानगी नाही, बाई. तरी पहिल्या वर्षी एकीला सांगितलं, बरं दिसत नाहीये, डॉक्टरांना लगेच दाखवा. ती इतकी हादरली की परत आलीच नाही. कुणाकडून तरी पाय चोळून घेत राहिली. मग दुसरीला मी काही बोललो नाही, नुसतं फोटोचं पाकीट दिलं. पोरगं आठ दिवसांनी खेळायला लागलं, पाकीट कपाटावर पडलं. सात महिन्यांनी आली. पाकिटाचा दोरासुद्धा सोडलेला नव्हता." त्यांनी चष्मा काढला. "मग एकदा एकाचा फोटो खरोखरच हलला. दुसऱ्या दिवशी बाप, आजोबा, काका, सगळं खटलं भांडायला दारात! तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. घाबरलेला माणूस परत येत नाही. चिडलेला येतो. डॉक्टर असतील त्या दिवशी मी त्यांना भांडायला बोलावतो, एवढंच."

"पण तुमचा हात कशाला हलायला हवा? पोरगं हललं म्हणा."

"म्हटलं होतं एकदा. आईने तिथल्या तिथे पोराच्या पाठीत धपाटा घातला."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. अहो, यंत्र तिथे जमिनीत पक्कं बोल्ट मारून बसवलेलं. त्यात माणसाचा हात हलायचा संबंधच कुठे येतो? सहा वर्षं ते समोर दिसत असून माझ्या टाळक्यात शिरलं नव्हतं.

"कुणाला बोलू नका," मास्तर म्हणाले. "फुटलं की लोक हे ऐकूनही पळतील. आणि माझ्यावर ओरडणं थांबवू नका. तुम्ही ओरडता म्हणून त्यांना पटतं."

म्हणून मी ओरडत राहिले. पुढची तेरा वर्षं. शेंगा सोला, घरी बसा, सगळं तेच. बाई तणतणत निघून जायची आणि मी तिच्या कडेवरच्या पोराचा लोंबणारा पाय बघत बसायची. त्यातली किती वाचली, असं मी मास्तरांना एकदाच विचारलं. "थोडी," म्हणाले. पुन्हा विचारलं नाही.

माझा नातू चार वर्षांचा होता. लेक-जावई माझ्याच घरी राहायचे. त्याची मांडी दुखायला लागली तेव्हा शेजारणी म्हणाल्या, वाढीचं दुखणं. मीही तेच म्हटलं. मी! त्या खिडकीत जन्म घालवलेली! तीन आठवड्यांनी कणकण येऊ लागली, तो लंगडायला लागला, तेव्हा सोमवारी मी लेकीला म्हटलं, चल, फोटो काढून टाकू.

लाल दिवा लागला, विझला. फिल्मला दहा मिनिटं लागतात. पंचवीस झाली. मी खिडकीत बसून एकाच माणसाचं नाव तीनदा लिहिलं. मग मास्तर बाहेर आले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. लेकीसमोर उभे राहिले, मान खाली घातली.

"फोटो हलला हो. माझी चूक."

देवा, मी म्हटलं, आजच्या दिवस या माणसाचा हात खरंच हललेला असू दे.

"मी नाही हललो!" नातू ओरडला. "काका म्हणाले पुतळा हो, मी पुतळा झालो. श्वाससुद्धा नाही घेतला!"

"नाही रे राजा, तू नाही हललास," मास्तर म्हणाले. "तुझ्याइतकं शहाण्यासारखं कुणीच पडून राहत नाही. माझाच हात हलला. उद्या दहाला या, बाबांनाही आणा."

लेक भडकली. माझीच लेक ती. "आई, हाच ना तुझा हलेमास्तर? बोल ना काहीतरी!"

आणि मी बोलले. लाज वाटते का, म्हटलं, हात कापतात तर घरी बसा, शेंगा सोला. सगळं म्हटलं. शेवटी आवाज चिरकला, लेकीला वाटलं संतापाने. मास्तर ऐकत उभे होते, नेहमीसारखे.

त्या संध्याकाळी लेकीने नवऱ्याला मास्तरांची नक्कल करून दाखवली. मान खाली, पोट पुढे. नातू हसून हसून लोळला, त्याने पुन्हा पुन्हा करायला लावली. जावई म्हणाले, बघतोच उद्या त्याला. दुसऱ्या दिवशी बाह्या सरसावून ते आत गेले, आणि डॉक्टरांनी त्यांना खुर्ची दिली.

नातू त्यानंतर चौदा महिने होता. आधी पाय गेला, मग तो.

लेक नंतरही म्हणायची, त्या नालायक माणसाने एक दिवस फुकट घालवला. एक अख्खा दिवस! मी ऐकून घ्यायची. मास्तर मला म्हणाले होते, "धरू द्या राग. माझं काय जातंय?"

गेल्या महिन्यात मास्तर निवृत्त झाले. निरोपाला जायला मी फुलं घेऊन निघाले, तर लेक दारात आडवी. "त्या माणसाला फुलं?" आता मास्तरच त्या खोलीत नसणार, तर गुपित कुणासाठी जपायचं? मी तिला खाली बसवलं आणि सगळं सांगितलं. कपाटावरचं पाकीट, धपाटा खाल्लेलं पोर, कानाखाली बसलेली चपराक, सगळं.

ती म्हणाली, "म्हणजे तुला आदल्या दिवशीच कळलं होतं."

"हो."

"आणि तू बोलली नाहीस."

"नाही."

"त्या रात्री मी गाढ झोपले होते, आई. तो माझ्या अंगावर पाय टाकून झोपला होता."

"हो," मी म्हटलं. "मी बघत होते."

लेकीने डोळे पुसले, माझ्या हातातली फुलं घेतली आणि चपला घालायला लागली.