गेटवरची पावती

वैजापूर रस्त्यावर एक खासगी कांदा मार्केट आहे. त्याच्या गेटवर सांडूमामांनी सव्वीस वर्षं शिट्टी वाजवली. माझ्या आईचे ते थोरले भाऊ. कागदावर हुद्दा वॉचमनचा, पण खरं काम वेगळंच होतं. आत तीन वजनकाटे होते. आलेली ट्रॉली कोणत्या काट्यावर घालायची, ते मामा ठरवायचे.

शाळेत असताना मी वडिलांसोबत, आण्णांसोबत, आमच्या कांद्याच्या ट्रॉलीवर बसून जायचे. गेटवर मामा उभे असायचे, गळ्यात शिट्टी, कानामागे खडू. ट्रॉलीच्या फळीवर ते एक, दोन किंवा तीन असा आकडा काढायचे आणि हात दाखवायचे. मी भाची आहे म्हणून आमची ट्रॉली कधी पुढं गेली नाही. याचा मला तेव्हा राग यायचा.

त्यांची एक सवय सगळ्यांना माहीत होती. वजन करून बाहेर पडणारी ट्रॉलीही ते थांबवायचे.

"पावती दाव."

"मामा, घरची बाई इतकं विचारीत नाय," लोक म्हणायचे.

"तिला विचारू दे नायतर नको. मला दाव."

वजनाची पावती बघायची, मान डोलवायची, शिट्टी द्यायची, की ट्रॉली सुटली. मला वाटायचं, मामांना रुबाब करायला आवडतो.

दोन वर्षांपूर्वी मार्केटनं रांग बंद करून मोबाइलवर टोकन सुरू केलं. मामा त्याच महिन्यात निवृत्त झाले. योगायोग असा, की त्या टोकनची वेबसाइट यंदा आमच्या बजाजनगरच्या ऑफिसकडं आली. दोन खोल्या, सहा माणसं, आणि त्यातली मी सगळ्यांत नवी.

आठवड्याची टोकनं सोमवारी सकाळी नऊला उघडतात. नऊ वाजता हजारो शेतकरी एकदमच बटण दाबतात. एका सर्व्हरला ते झेपत नाही, म्हणून तीन ठेवले आणि त्यांच्यापुढं लोड बॅलन्सर. आलेली प्रत्येक मागणी कोणत्या सर्व्हरकडं पाठवायची, हे ठरवणारी स्क्रिप्ट मी लिहिली. माझं स्वतःचं असं पहिलंच काम. नियम सोपा ठेवला: ज्या सर्व्हरपुढं रांग कमी, त्याच्याकडं पुढचा माणूस. शिवाय दर पाच सेकंदांनी प्रत्येकाला विचारायचं, चालू आहेस का?

सलग दोन सोमवार वेबसाइट कोलमडली. तिन्ही सर्व्हर मात्र "चालू आहे" असंच सांगत होते.

"तुझ्या सर्व्हरला सोमवारचा उपास असतो का?" शेजारच्या खुर्चीवरून ऋतुराजनं विचारलं.

मार्केटचे मॅनेजर राजेंद्रशेठ हसले नाहीत. "ताई, येत्या सोमवारी परत असं झालं तर टोकन बंद. लोक पहिल्यासारखे रांगेत उभे राहतील. मी तरी काय करणार?"

रविवारी आईनं दिलेला डबा घेऊन मी मामांकडं गेले. ते कांदाचाळीत बसून सडके कांदे बाजूला काढत होते.

"तोंड का उतरलंय, श्रेये?"

त्यांना कळावं म्हणून मी काट्यांच्या भाषेत सांगितलं. तीन काटे आहेत, रांग कमी असेल तिथं ट्रॉली घालते, तरी सगळं अडतं.

मामांनी हातातला कांदा खाली ठेवला. "रांग कमी कशानं झाली, ते बघितलं का?"

"नाही. मी फक्त रांगच बघितली."

"गेटवर माझं पहिलंच वरीस व्हतं. एक दिवस दोन नंबरच्या काट्याला लई चपळाई आली. ट्रॉली आत गेली की रांग मोकळी. मला वाटलं, गडी कामाला लागला. सगळ्या तिकडंच घातल्या. दुपारी कळलं, काटा अडकलेला. तो गडी सगळ्यांला 'नंतर या' म्हणून मागच्या गेटनं काढून देत व्हता."

"तुम्ही विचारलं नाही त्याला?"

"इचारलं की. 'चालू हाय का?' म्हणलं तर हात वर करायचा. माणूस चालूच व्हता, काटा बंद व्हता. त्यात आमची पण ट्रॉली व्हती. माझी आई, तुझी आवडाआजी, सोबत आलती. दिवसभर उन्हात बसली आन् वजन न करता माल घेऊन परत गेली. घरी मला एक शब्द बोलली नाय."

दुसऱ्या दिवशी मामांनी मालकाला सांगून मागच्या गेटला कुलूप घालायला लावलं. मग प्रत्येक ट्रॉली त्यांच्यासमोरूनच बाहेर. पावती असेल तरच तो काटा चालू धरायचा.

मी तिथंच, चाळीच्या सावलीत लॅपटॉप उघडला आणि मागच्या सोमवारच्या नोंदी काढल्या. दोन नंबरचा सर्व्हर सगळ्यांत चपळ दिसत होता. गर्दी वाढली की त्याचा डेटाबेसशी संपर्क तुटायचा, आणि तो प्रत्येकाला क्षणात नकार देऊन मोकळा व्हायचा. रांग रिकामी दिसल्यामुळं माझी स्क्रिप्ट आणखी माणसं त्याच्याकडंच ढकलायची.

संध्याकाळपर्यंत मी तपासणी बदलली. "चालू आहेस का" हा प्रश्न काढून टाकला. आता दर पाच सेकंदांनी प्रत्येक सर्व्हरकडून एक चाचणीचं टोकन मागायचं. तीनदा मिळालं नाही तर त्याला बाजूला काढायचं, नीट मिळू लागलं की परत घ्यायचं. त्या तपासणीचं नाव मी 'पावती' ठेवलं.

सोमवारी नऊ वाजून तीन मिनिटांनी दोन नंबरचा सर्व्हर गडबडला. स्क्रिप्टनं त्याला बाजूला केलं. ऋतुराज माझ्या मागं येऊन उभा होता. एक आणि तीन धापा टाकत का होईना, चालत राहिले. साडेनऊच्या आत सगळी टोकनं वाटून झाली. राजेंद्रशेठचा फोन आला, "चालू ठेवतो, ताई."

त्यातलं एक टोकन मामांचं होतं. बुधवारी ते कांदा घेऊन आले, मीही सुट्टी काढून गेले. गेटवर आता आपोआप उठणारा दांडा आहे. मामांच्या जागेवर कुणी नव्हतं.

वजन झालं. बाहेर पडताना त्या जागेपाशी त्यांनी ट्रॅक्टर थांबवायला लावला, खाली उतरले आणि पावती माझ्यापुढं धरली. मी ती वरपासून खालपर्यंत वाचली आणि मान डोलवली. शिट्टी मला वाजवता येत नाही. ती त्यांनीच खिशातून काढली.