कूलरला शिवलेली बाही

हिरव्या रेघा पहिल्यांदा दिसल्या त्या आकाशात. खेळातल्या आकाशात. माझा धाकटा भाऊ कॉम्प्युटरवर ट्रक चालवायचा. मार्च सरत आला होता, आणि एका दुपारी त्याने आतल्या खोलीतून हाक मारली.

"ताई, इकडे ये वं. आभाळ फाटून राहिलं."

मी पुढच्या खोलीत ब्लाऊज शिवत होते. समोर गिऱ्हाईक बसलं होतं. "फाटू दे. हुक लावून येते," मी म्हटलं.

गेले तेव्हा ट्रक एका डोंगराच्या वळणावर उभा होता आणि आकाशभर हिरव्या रेघा होत्या, कच्च्या रंगाचं कापड धुताना रंग फुटावा तशा. डोंगराची एक बाजू त्रिकोण होऊन बाहेर आली होती. कोपऱ्यातल्या एका आकड्याकडे त्याने डोळ्यांनी दाखवलं. तो कार्डाचा ताप होता. नव्वदीला टेकला होता.

"कार्ड तापलं. चित्र काढते ना, ते कार्ड. ते तापलं की असं काहीबाही काढते."

माझ्या भावाला नसांचा आजार होता. स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या नसा एकेक करून मरत जातात. डोकं, डोळे, कान शाबूत राहतात. औषध नाही. आजार कळला तेव्हा तो मिहानच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत कॉम्प्युटर दुरुस्तीच्या कामावर होता. आधी हातातून स्क्रू पडायला लागले, मग मोटारसायकल सुटली, मग नोकरी. लग्न केलेलं नव्हतं. मी त्याला माझ्या घरी घेऊन आले. आता तो नाही.

मोटारसायकल सुटल्यावर त्याने हा खेळ घेतला होता. त्यात मारामारी नाही, काही नाही. ट्रकमध्ये माल भरायचा आणि लांबच्या गावाला पोचवायचा. मैलच्या मैल रस्ता. मध्ये घाट, समुद्र, पेट्रोल पंप. मला त्यात काय मजा आहे ते कळायचं नाही, पण तो दुपारचं जेवण झालं की बसायचा आणि चहापर्यंत त्याचा त्रास नसायचा. डावा हात गेलेला होता. उजव्या हाताची तीन बोटं चालत होती, म्हणून त्याने गाडीची सगळी बटणं उजव्या कोपऱ्यात घेतली होती. डॉक्टर म्हणाले होते, हा हात पावसाळ्यापर्यंत. म्हणजे त्याच्याजवळ एक उन्हाळा होता, आणि तोही नागपूरचा.

त्याने दुरुस्ती सांगायची आणि मी करायची, असं ठरलं. ठरलं म्हणजे दुसरं कोण होतं? माझे यजमान दिवसभर त्यांच्या कामावर.

पहिल्यांदा कॉम्प्युटरचं कॅबिनेट उघडलं. आत नुसतं सूत. माझ्या दोन शिलाई मशिनी पुढच्या खोलीत चालतात, त्यांचा सगळा कचरा पंख्याने आत ओढून घेतला होता. कार्डाच्या जाळीवर कापसाची गादीच बसली होती. आमच्या वडिलांचा हातमाग होता, तेव्हा घरात असंच सूत सगळीकडे असायचं, भाकरीतही यायचं. मी मशीन झाडायचा ब्रश घेतला आणि जाळी साफ करायला लागले.

"पंखा बोटानं धर, मग झाड. फिरू देऊ नको त्याले."

"धरला."

"हळू वं. बाबागाडीचं चाक नाही ते."

ताप उतरला. आठवडाभर आकाश निळं राहिलं. मग एप्रिलची झळ सुरू झाली आणि रेघा परत आल्या. या वेळी रस्त्यावरही आल्या. मधेच सगळं चित्र थिजायचं आणि ट्रक कुठे आहे ते कळायचं नाही. कळेपर्यंत तो खड्ड्यात.

त्याने कार्डाचा ड्रायव्हर काढून पुन्हा टाकायला सांगितलं. ड्रायव्हर म्हणजे कार्डाला चालवणारा प्रोग्रॅम, एवढं मी तोवर शिकले होते. यजमान दारात उभे राहून ऐकत होते. ते म्हणाले, "ड्रायव्हर तर हा इथं बसला आहे. याले कुठं काढतेस?"

"भाऊजी, मले काढा, पण कार्ड ठीक करा," भाऊ म्हणाला, आणि दोघेही हसले. ड्रायव्हर बदलून काही फरक पडला नाही.

मग पेस्ट. कार्डाच्या चिपवर एक करडा मलम असतो, तो वाळला की आतली उष्णता बाहेर निघत नाही. मी बर्डीच्या बाजारातून त्याची छोटी पिचकारी आणली. कार्ड बाहेर काढून टेबलावर ठेवलं, स्क्रू एका वाटीत ठेवले, जुना वाळलेला मलम पुसला. त्याची खुर्ची मी टेबलाशी आणली होती. तो वाकू शकत नव्हता, म्हणून कार्ड उचलून त्याच्या डोळ्यांसमोर धरावं लागायचं.

"बस, बस! मेंदी काढून राहिली का तू? तांदळाच्या दाण्याएवढं पाहिजे."

"आधी सांगायचं ना."

"आधी सांगितलंच मी. तू ऐकून नाही राहिली."

ते करून झाल्यावर त्याने स्वतःचा हात टेबलावर ठेवायला सांगितलं. मी ठेवला. त्याला पंखा आपल्या बोटाने फिरवून पाहायचा होता. बोट पात्याला लागलं, पण पातं हललं नाही. मी तिकडे पाहिलं नाही असं दाखवलं आणि वाटीतले स्क्रू मोजायला लागले.

मे लागला. दुपारी भिंतीला हात लावला तर चटका बसायचा. पेस्टचा गुण संपला. मग त्याने खेळातल्या एकेक गोष्टी बंद करायला सांगितल्या, म्हणजे कार्डावरचं ओझं कमी होईल. सावल्या बंद. आरशातलं दृश्य बंद. पाऊस बंद. झाडं अर्धी. समुद्र राहिला, पण निळ्या पत्र्यासारखा. तरीही थोडा वेळ चालवलं की चौकटी यायच्या, मग थांबायचं, कॉम्प्युटर बंद करून थंड होऊ द्यायचा. तो थंड होईस्तोवर भावाच्या बोटांना थकवा यायचा. दोघांची वेळ जुळेना.

"कागदावरून चालवल्यासारखं वाटते," तो म्हणाला. "रस्ताच नाही राहिला."

तीन बोटांतलं एक त्याच सुमाराला गेलं. सकाळी त्याच्या हातातून चहाचा कप घेताना मला कळलं.  दुपारी तो फक्त म्हणाला, "हॉर्नचं बटण काढून टाक. हॉर्नची काय गरज आहे मले."

कूलरचा विषय त्यानेच काढला. आमच्याकडे प्रत्येक घराला खिडकीबाहेर स्टँडवर पत्र्याचा कूलर असतो, तसा त्याच्या खोलीलाही होता. तिन्ही बाजूंना वाळा, खाली पाणी, मधून पंख्याची गार हवा. मीच त्याचं पाणी भरायचे. एका दुपारी तो म्हणाला, "कॉम्प्युटर कूलरसमोर ठेव."

"पाणी नाही ना जाणार आत?"

"नाही जात."

"पक्कं?"

"मले विचारून राहिली का तू? माझं काम आहे ते."

त्याचंच काम होतं, म्हणून मी पुढे विचारलं नाही. कॅबिनेट स्टुलावर चढवलं, त्याची बाजूची झाकणी काढली आणि कूलरच्या तोंडासमोर सरकवलं. हवा इकडेतिकडे पसरत होती. भाऊ म्हणाला, नुसती समोर नको, थेट कार्डावर पाहिजे. माझ्याकडे कनातीच्या कापडाचा तुकडा होता. मी माप घेतलं, जाड सुई लावली आणि कूलरला एक बाही शिवली. एका टोकाला कूलरचं तोंड, दुसऱ्या टोकाला कॅबिनेट. मनगटाशी थोडी निमुळती केली, म्हणजे वारा जोराने जाईल. यजमानांनी संध्याकाळी येऊन पाहिलं.

"अवं, माह्या शर्टाले इतकी चांगली बाही नाही शिवली तू कधी."

"तुम्ही तापत नाही एवढे," मी म्हटलं.

कार्डाचा ताप असा उतरला की तो आकडा पाहून भाऊ मोठ्याने हसला. त्याने सावल्या परत सुरू करायला सांगितल्या. आरसे सुरू केले. पाऊस सुरू केला. सगळी झाडं. मी बटणं दाबत गेले आणि रस्ता पुन्हा भरत गेला. त्या दिवशी तो दुपारपासून दिवेलागणीपर्यंत चालवत राहिला. घाट उतरला, समुद्राच्या कडेने गेला, धुक्यातून गेला. मी मनगटाखाली ठेवायला कापसाची छोटी उशी करून दिली होती, तिच्यावर त्याचा हात होता आणि दोन बोटं चालत होती. मी शिवता शिवता ट्रकचा आवाज ऐकायचे. चढ लागला की आवाज जड व्हायचा. मला आवाजावरून रस्ता कळायला लागला.

असे पुष्कळ दिवस गेले नाहीत. पण गेले. खोलीभर वाळ्याचा वास, कॅबिनेटच्या कडेला बोअरच्या पाण्याची पांढरी पूड, ती मी रोज पुसून काढायचे. तो सकाळपासून दुपारची वाट पाहायचा. जेवणात भाजी काय आहे, मीठ कमी आहे, हे बोलायचा. मधले काही महिने तो जेवणाबद्दल काही बोलत नव्हता.

मग एका दुपारी पडद्यावर गुलाबी चौकोन उमटले, सगळीकडे, शतरंजीसारखे. ताप वाढलेला नव्हता. आकडा अगदी खाली होता. चौकोन थरथरले आणि पडदा काळा झाला. ट्रकचा आवाज थोडा वेळ येत राहिला. मग तोही थांबला.

मी बंद करून चालू केलं. काही नाही. कार्ड काढून पुन्हा बसवलं. काही नाही.

"बर्डीवर घेऊन जा," भाऊ म्हणाला.

दुकानातल्या माणसाने कार्ड उजेडात धरलं. मला सांगायची गरज नव्हती, मलाही दिसत होतं. पांढरे डाग, आणि डाख दिलेल्या टाक्यांच्या जागी हिरवट गंज.

"कूलरसमोर होता का?" त्याने विचारलं.

"हो."

"कूलरचा ओलावा बम खराब. उन्हाळ्यात असे येतच राहते आमच्याकडे. ठेवून जा. झालं तर झालं."

मी रिक्षात बसून घरी आले. पाणी प्यायले आणि त्याच्या खोलीत गेले. तो खुर्चीत होता. समोरचा पडदा काळा.

"तुले माहीत होतं?"

"काय?"

"ओलावा जाते म्हणून."

"नाक खाजव जरा. डाव्या बाजूनं."

मी खाजवलं.

"माहीत होतं," तो म्हणाला. "कंपनीत लोकांचे कॉम्प्युटर मीच उचलून ठेवत होतो ना कूलरसमोरून. रागावत होतो लोकांवर."

"मग काहून शिवायले लावली बाही?"

"थंड होऊन राहिलं होतं ना कार्ड."

"खराब झालं ना पण!"

"झालं. होणारच होतं." तो छताकडे पाहत होता. "जपून ठेवून काय करू, ताई? कार्ड दुकानात मिळते."

मी पलंगाच्या कडेवर बसले.

"मले सांगायचं ना."

"सांगितलं असतं तर तू शिवली असती?"

"नसती शिवली."

"मग."

मला राग आला होता आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. मी उठून कूलरमध्ये पाणी भरलं. बाही अजून तोंडाला बांधलेली होती, तिच्यातून हवा रिकाम्या स्टुलावर जात होती. मी ती सोडली आणि हवा त्याच्या खुर्चीकडे वळवली.

कार्ड दुरुस्त झालं नाही. त्याच जातीचं दुसरं, वापरलेलं, मिळायला जुलै उजाडला. तोवर कूलर उतरवून माळ्यावर गेला होता. हवा गार होती, कार्डाला तापायचं काही कारण उरलं नव्हतं. मी ते एकटीनेच बसवलं, त्याला एकही प्रश्न न विचारता. तो पाहत होता. बसवून झाल्यावर म्हणाला, "स्क्रू जास्त आवळू नको," आणि मी आवळलेले नव्हते.

सगळं सुरू केलं. सावल्या, आरसे, पाऊस. एकही रेघ नाही. त्याचा ट्रक मेमध्ये जिथे थांबला होता त्याच्या जरा अलीकडच्या गावात उभा होता, माल भरलेला. मी त्याचा हात उशीवर ठेवला, बोट बटणावर ठेवलं.

तो बराच वेळ बोटाकडे पाहत राहिला.

"जरा वर घे मनगट," तो म्हणाला. मी घेतलं. "आता खाली." मी खाली घेतलं. त्याच्या कपाळावर घाम आला होता. बटण हललं नाही.

शेवटी मी त्याच्या बोटावर माझं बोट ठेवून दाबलं. ट्रक निघाला. गावातून बाहेर पडला, मोठ्या रस्त्याला लागला. दोन्ही बाजूंना झाडं होती, त्यांच्या सावल्या रस्त्यावर पडल्या होत्या. मी दाबत होते, तो समोर पाहत होता. एका वळणापर्यंत आम्ही असे गेलो.

"हे तू चालवून राहिली, ताई," तो म्हणाला. "मी नाही."

मी बोट उचललं. ट्रक हळू होत होत रस्त्याच्या मध्यावर थांबला. मागून गाड्या आल्या आणि हॉर्न वाजवायला लागल्या.

"बाजूले घे," तो म्हणाला. "मागच्याले जाऊ दे."

मला वळवता येत नव्हतं. त्याने कुठलं बटण ते सांगितलं, किती दाबायचं ते सांगितलं, "आता सोड, आता सोड वं," म्हणून ओरडला, आणि ट्रक कडेच्या गवतात वाकडा उभा राहिला. मागच्या गाड्या एकेक करून पुढे निघून गेल्या. ब्रेक लावायचं बटण त्याने सांगितलं. मी लावला.

मग तो म्हणाला, "इंजिन बंद कर," आणि मी केलं.