तिचा एकच शब्द

मी रागीट आहे, हे आधीच सांगून टाकते. आई म्हणायची, हिच्या नाकावर राग नाही, रागावरच नाक बसवलंय देवानं. आमचं घर यवतमाळातलं, कचेरीत जाणाऱ्यांचं. आजोबा कारकून, वडील कारकून, मीही कुठंतरी पंख्याखाली खुर्ची धरावी एवढीच सगळ्यांची अपेक्षा. मी नागपूरला जाऊन मतिमंद मुलांना शिकवायचा कोर्स करून आले. तेव्हा हाच शब्द होता, आता बदललाय. गावाबाहेरच्या एका लहानशा निवासी केंद्रात नोकरीला लागले, तेव्हा वडील आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. न बोलोत. मला तरी कुठं बोलायचं होतं!

केंद्रात वीसेक मुली होत्या. पहिल्याच दिवशी कपाटामागं एक वेताची छडी सापडली, ती मी सरळ चुलीत घातली. स्वयंपाकाच्या मावशी कळंबकडच्या, माझ्या दुप्पट वयाच्या. त्या बघतच राहिल्या. "अवं बाई, आता ह्या पोट्ट्या आयकतीन कशा?"

मी त्यांना कोर्समध्ये शिकलेलं सगळं ऐकवलं. मुलगी चावते, डोकं आपटते, ताट भिरकावते, तेव्हा ती काहीतरी मागत असते. शब्द नसतात म्हणून अंगानं मागते. तिला शिक्षा करायची नाही, मागणं काय ते शोधायचं. त्यासाठी एक वही ठेवायची. तीन रकाने: आधी काय झालं, मुलीनं काय केलं, नंतर काय झालं. महिनाभर नेमानं लिहिलं की मागणं दिसायला लागतं. आणि खरंच दिसायचं हो. एक मुलगी रोज जेवताना शेजारणीला चावायची. वहीवरून कळलं की तिला पंगतीतली गर्दी सोसत नाही. तिचं ताट कोपऱ्यात मांडलं आणि चावणं थांबलं. मावशी म्हणाल्या, "जादूची हाय वो तुमची वही." मी अशी फुगले की विचारू नका. शेवटी कारकुनाचीच पोर मी, वही म्हणजे माझा जीव.

ती आली ते वर्ष कापसाचं वाईट होतं. तशी त्या काळातली सगळीच वर्षं वाईट होती. बोंडं अळीनं पोखरलेली, जो कापूस घरात आला त्याला भाव नाही, आणि दिवाळी सरली तशी वेचायला शिवारात काही उरलंही नव्हतं. उमरखेडकडच्या एका बंजारा तांड्यावरून तिघं एसटीनं आली: बाप, थोरली मुलगी आणि धाकटी. वेचणीचं काम संपलं म्हणून सगळा तांडा ऊसतोडीला निघाला होता. धाकटीला तिकडं नेणं शक्य नव्हतं. सतरा-अठरा वर्षांची पोर, चिडली की कपाळ भिंतीवर आपटायची, स्वतःचंच मनगट चावायची. उसाच्या फडात कोयते आणि ट्रॅक्टर, तिथं तिच्याकडं बघणार कोण?

आई लवकर गेलेली. थोरलीनंच तिला वाढवलं होतं. वेचणीला जाताना सोबत न्यायची, बांधावर बसवायची, दर तासाला येऊन पाणी पाजायची. तांड्यातले लोक म्हणत, दोरीनं बांधून ठेव घरी. थोरलीनं कधी बांधू दिलं नाही. हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी मला एवढंच दिसलं की थोरली आपल्या पदरानं धाकटीचं तोंड पुन्हा पुन्हा पुसते आहे, आणि पुसायला तोंडावर काहीच नाही.

फॉर्म भरताना मी विचारलं, "बोलता येतं का हिला?"

बाप म्हणाला, "एकच शब्द बोलते जी. बाई."

"अरे वा! म्हणजे शाळेत बसलेली दिसते," असं म्हणून मी लिहून घेतलं. केंद्रातल्या सगळ्या मुली मला बाईच म्हणत. थोरलीनं मान वर केली, काहीतरी सांगायला तोंड उघडलं. पण मागं आणखी दोन आईबाप खोळंबले होते आणि मला घाई झाली होती. मी पुढच्या प्रश्नावर गेले.

जाताना थोरली माझ्याजवळ आली. "पाडवा झाला का येतो जी आमी. घेऊन जातो इले." मग म्हणाली, "तवरोक इले मले इसरू देऊ नका."

"नाही विसरणार हो," मी म्हटलं. काय जातंय म्हणायला!

चौथ्या दिवसापासून सुरू झालं. संध्याकाळी पाचच्या सुमारास मी ओसरीत बसून मुलींच्या वेण्या घालायची. एकीची वेणी हातात घेतली की हिची हाक यायची. "बाई! बाई!" सगळं अंग त्या हाकेत ओतलेलं. मी फणी टाकून धावत गेले तर माझ्याकडं बघायची, मला दोन्ही हातांनी ढकलायची आणि धाडकन कपाळ भिंतीवर. दुसऱ्या आठवड्यात कपाळ फुटलं, चार टाके पडले. संस्थेच्या अध्यक्षांनी बोलावून सांगितलं, आणखी एकदा असं झालं तर तिला घरी पाठवा. घरी म्हणजे कुठं? तांड्यावर कुलपं होती.

मी वही काढली. पंधरा दिवसांच्या नोंदी एकसारख्या. आधी: बाई दुसऱ्या मुलीची वेणी घालत होत्या. काय: 'बाई' म्हणून ओरडली, डोकं आपटलं. नंतर: बाई जवळ गेल्या. अगदी स्वच्छ दिसत होतं. हिला माझं लक्ष हवंय, आणि दुसरीकडं लक्ष दिलेलं हिला खपत नाही. ढकलते ती उशीर केला म्हणून. मी खाली लिहिलं, 'मागणं: लक्ष.'

मग मी बेत आखला. भिंतीला जुन्या गाद्या बांधल्या, म्हणजे कपाळ फुटायचं नाही. ती ओरडली की कुणीही जायचं नाही, वळून बघायचंसुद्धा नाही. गप्प झाली, हात मांडीवर ठेवून बसली, की लगेच जायचं, शाबास म्हणायचं आणि हातावर फुटाणे ठेवायचे. फुटाणे तिला फार आवडत.

पहिले आठ दिवस फार वाईट गेले. हाक आली की मी मान खाली घालून वेणी घालत राहायची. मावशींना ते बघवेना. पीठ लागलेल्या हातांनी त्या ओसरीत आल्या. "काहून वो बाई, इतकी बोंबलून राह्यली पोरगी, जवळ तरी जा नं!"

"त्यानंच ती जास्त ओरडेल, मावशी."

"पन थे तुमाले नाई बलावून राह्यली. थे फाटकाकडं पाहून बलावते."

मी भडकले. दिवसभराची दमलेली होते आणि वर हे शहाणपण. "मावशी, कोर्स मी केलाय की तुम्ही? जा, तुम्ही पोळ्या लाटा."

त्या गेल्या. पुन्हा म्हणून त्या विषयावर एक शब्द बोलल्या नाहीत.

आणि बेत लागू पडला. हाका कमी होत गेल्या. दहाच्या पाच, पाचाची एक. संक्रांतीच्या सुमारास ती पूर्ण थांबली. वेण्यांची वेळ झाली की आपणहून मांडी घालून बसायची, हात मांडीवर, ओठ मिटलेले, आणि थोड्या वेळानं माझ्यापुढं तळहात करायची. मी फुटाणे द्यायची. कपाळावरची जखम भरली. मी वहीत तांबड्या शाईनं 'सुधारणा' लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. केंद्राच्या बैठकीत ती वही सगळ्यांच्या हातांतून फिरली. अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या. वडिलांनीसुद्धा त्या दिवशी विचारलं, काय गं, बरं चाललंय म्हणे तुझं? मी कधी नव्हे ती लाजले.

मग एका दुपारी ऑफिसातला फोन वाजला. थोरली बोलत होती, मुकादमाच्या मोबाईलवरून. मागून ट्रॅक्टरचा आवाज येत होता.

"कशी हाय जी थे?"

"एकदम छान. डोकं आपटत नाही, चावत नाही."

"जेवते?"

"दोन पोळ्या खाते."

मग तिनं अगदी हळू आवाजात विचारलं, "मले हाक मारते का जी?"

मला हसू आलं. "अहो, तिला तुमचं नाव कुठं घेता येतं?"

"नाव नाई जी. बाई म्हणते नं. सांजच्याले लय करत असन. रोज सांजच्याले म्याच येनी घालून द्यायची तिची."

"ते होय! ते मला म्हणायची ती. ते बंद केलंय मी. दोन महिने झाले, एकदासुद्धा नाही." हे मी अभिमानानं सांगितलं. आजही मला तो माझा आवाज ऐकू येतो.



"तुमाले नाई जी म्हणत होती थे," ती म्हणाली. "आमच्या बोलीत बहिणीले बाई म्हणतात."

तिला माझा राग आला नव्हता. तेच सोसवेना. शिव्या घातल्या असत्या तर मी दोन शिव्या परत दिल्या असत्या आणि मोकळी झाले असते. ती उलट म्हणाली, "राहू द्या जी. तुमाले कसं मालूम असन?"

कसं मालूम असणार? माझा जन्म यवतमाळात गेला. शाळेत माझ्या बाकावर तीन वर्षं तांड्यावरची मुलगी बसत होती. तिच्या डब्यातलं मी खाल्लंय. तिच्या बोलीतला एक शब्द मी कधी विचारला नाही. ती आमची भाषा शिकली, त्यात आम्हाला काही विशेष वाटलं नाही.

मी वही काढून बसले. 'आधी' या रकान्यात पानापानांवर 'बाई' लिहिलं होतं, आणि ती बाई म्हणजे मी. वेणी तर रोज लिहिली होती, स्वतःच्या हातानं, पण वाचताना माझं बोट दर वेळी 'बाई' याच शब्दावर थांबलं. वही खोटं बोलली नव्हती. कोर्समध्ये पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, आधी घरच्यांना विचारा. मी विचारलं होतं, फक्त उत्तर ऐकायला थांबले नव्हते. पोरगी रोज संध्याकाळी वेण्या बघून बहिणीला बोलवायची. बहिणीऐवजी मी पुढं यायची, म्हणून ढकलायची. तिच्याजवळ उभ्या जगात एक शब्द होता, आणि तो मी मूठमूठ फुटाण्यांना काढून घेतला.

दुसऱ्या दिवसापासून तो परत द्यायची माझी धडपड सुरू झाली. मी तिच्या मागं बसून तिची वेणी घालायला लागले. "बाई कुठाय? बाई येणार आहे. बाई म्हण," असं कानाशी म्हणत राहायची. शब्द ऐकला की ती ओठ घट्ट मिटून घ्यायची, जास्तच ताठ बसायची. हुशार पोर होती. मी शिकवलेलं तिनं पक्कं शिकून ठेवलं होतं. मावशी दारातून बघायच्या. मी एकदा त्यांच्याकडं जाऊन म्हटलं, "मावशी, चुकलं माझं." त्या म्हणाल्या, "तुमी जेवून घ्या आधी." मग मी त्यांच्यापुढं रडले.

पाडवा झाला आणि चौथ्या दिवशी थोरली आली. उन्हानं काळवंडली होती, डाव्या हाताच्या बोटाला चिंधी बांधलेली. संध्याकाळची वेळ होती, ओसरीत वेण्या चालल्या होत्या. फाटकातूनच तिनं आपल्या बोलीत हाक दिली. धाकटीनं बघितलं. ओळखलं. ओळखलं हे मी शपथेवर सांगते. तिचे डोळे एकदम भरून आले आणि ओठ उघडले. म्हण गं माझे माय, एकदा म्हण!

तिचे हात मांडीवर गेले. ओठ मिटले.

थोरली धावत आली, तिला कवटाळलं, गालांवरून हात फिरवले. मग पिशवीतून फणी काढून तिच्या मागं बसली. सावकाश केस विंचरायला लागली आणि आपल्या बोलीत काहीबाही बोलत राहिली. त्यातला एकच शब्द मला कळत होता. तो ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, थांबत होती, परत म्हणत होती. धाकटीच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती ताठ, शहाण्यासारखी गप्प बसली होती. वेणी पुरी झाली. थोरलीनं तिच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि वाट बघत राहिली.

तेव्हा धाकटीनं माझ्याकडं बघून तळहात पुढं केला.

"काय मागून राह्यली जी थे?" थोरलीनं विचारलं.

"फुटाणे."

"काहून?"

तिच्याकडं बघून सांगणं मला जमलं नाही. "गप्प बसली म्हणून," मी म्हटलं.