मुळशीची वाट आणि संघातली बारावी जागा

मुळशीला जायचं ठरलं ते वर्षाच्या फोनमुळे. माझी ही जुनी मैत्रीण पौडच्या पुढे एका कॉलेजात खेळ शिकवते. मुलींच्या बास्केटबॉल संघात अकरा जणी ठरल्या होत्या, बारावीवर घोडं अडलं होतं. "तू येऊन बघ ना, मला काही सुचत नाहीये," म्हणाली. मी तोमासलाही विचारलं. तोमास महाळुंग्याला आमच्याच सोसायटीत राहतो. मूळचा लिथुआनियाचा, नोकरी हिंजवडीत, आणि उंची अशी की लिफ्टमध्ये मान वाकवूनच शिरतो. तरुणपणी बास्केटबॉल हाच त्याचा धंदा होता.

शनिवारी सकाळी गाडी काढली. तुम्ही जाणार असाल तर लवकर निघा. नांद्यापर्यंत डंपर आणि सिमेंटच्या गाड्यांच्या मागे रांगत जावं लागतं. पुढे घोटवडे फाट्याला पौड रस्ता लागला की जरा श्वास घेता येतो. पौडला मिसळ खाल्ली. तर्री वेगळी मागा, तोमासने मागितली नाही आणि डोळे पुसत बसला.

तिथेच मी त्याला अमेरिकेबद्दल विचारलं. तिकडचे व्यावसायिक संघ दरवर्षी नव्या खेळाडूंमधून पाळीपाळीने आपापले निवडतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. एका वर्षी तोमासनेही नाव दिलं होतं. कोणीच घेतलं नाही.

"युरोपातले खेळाडू मऊ असतात, धक्काबुक्की सोसत नाहीत, असं तेव्हा सर्रास बोललं जायचं," तो म्हणाला.

"म्हणजे अन्यायच झाला!"

"तेच तर कळत नाही. माझा गुडघाही थोडा दुखरा होता. पुढे आमच्याकडचे एकदोघे तिथे गाजले, मग तेच संघ आमची कुठलीही उंच पोरं उचलायला लागले. त्यातले काही माझ्याहून कच्चे होते. आधी ते चुकले, की नंतर?"

मला त्याच्या बाजूने रागवायचं होतं, पण राग नेमका कोणावर धरायचा ते समजेना.

कॉलेजचं मैदान डोंगराच्या पायथ्याशी आहे. भात कापून झालेलं, खाचरं मोकळी. बाराव्या जागेसाठी दोघी होत्या. इरा नांद्याच्या नव्या सोसायटीतली, लहानपणापासून बास्केटबॉलच्या क्लासला जाणारी. सुगंधा वरच्या वाडीतली, घरचे मजुरीला जाणारे, ती खेळ शिकली ती इथेच. सुगंधा वाऱ्यासारखी पळत होती. मी मनात तिच्या नावावर टिक करूनही टाकली.

वर्षा हळूच म्हणाली, "वाडीवरच्या पोरी काटक असतात गं. पण मोठ्या मैदानावर बुजतात."

मी तोमासला हे इंग्रजीत सांगितलं. तो पुन्हा खेळ बघत राहिला. मला वाटलं, आता हा सुगंधाचंच नाव घेणार. शेवटी म्हणाला, "इरा."

मी गोंधळलेच. वर्षा सुटल्यासारखी हसली आणि तिने नाव जाहीर केलं. इराने आनंदाने उडी मारली. सुगंधा मात्र तडक आमच्याकडे आली.

"मी का न्हाई?" तिने वर्षाला नाही, तोमासला विचारलं. "माजं काय कमी हाय, ते सांगा."

मी भाषांतर केलं. तोमासने चेंडू उचलला आणि तिला आपल्यासमोर उभं केलं. ती दर वेळी उजवीकडूनच निघत होती. तो तिथेच आडवा येई आणि तिची वाट बंद होई. चार वेळा असं झाल्यावर ती थांबली.

"डाव्या बाजूनं मला जमत न्हाई, व्हय?"

"हो," मी म्हटलं.

"मग मी त्ये शिकंन. पर त्यानंतरबी न्हाई म्हनलात तर?"

हे मी तोमासला सांगितलं. त्याने वर्षाकडे पाहिलं, वर्षाने माझ्याकडे. सुगंधा चपला घालून वाडीच्या वाटेला लागली.

आम्ही पुढे धरणाच्या पाण्याकडे गेलो. वाटेत एका घरी आधी सांगितलं तर पिठलं-भाकरी आणि इंद्रायणी तांदळाचा भात मिळतो, हॉटेलपेक्षा पुष्कळ स्वस्त. घरच्या मावशींनी तोमासला तिसरी भाकरी वाढली. "लई उंच हाय, ह्याला पुरंल का?" त्याने ती निमूट खाल्ली. पाणी निळंशार होतं, पलीकडे ताम्हिणीकडचे डोंगर. फोटो छान आलेत, पण ते काढताना माझं लक्ष नव्हतं.

परतताना अंधार पडायच्या आत नांदे ओलांडलं. घरी नवऱ्याने विचारलं, "कशी झाली ट्रिप?" मी रस्ता सांगितला, जेवण सांगितलं आणि अडले. तोमासचा डोळा मी मानते. सुगंधाची डावी बाजू कच्ची होती, ते मीही पाहिलं. पण इराची कुठली बाजू कच्ची आहे, ते आमच्यापैकी कोणी तपासलंच नव्हतं.

रविवारी सकाळी बेल वाजली. दारात तोमास, डोळे तांबारलेले.

"एक विचारू? तिचं ते डावीकडचं मला आधी दिसलं आणि मग मी इराचं नाव घेतलं? की नाव आधी घेतलं, आणि तिने विचारलं म्हणून कारण शोधलं?"

"तुला काय आठवतं?"

"दोन्ही आठवतं," तो म्हणाला.

मी त्याला आत बोलावलं आणि चहा टाकला.