मालजाबाई चेंडू देत नाही

मालजाबाईच्या तोंडी लागायचं नाही, हे कोरियातल्या बुसान शहराच्या त्या चढावरच्या गल्लीत पोस्टमनपासून मासेवालीपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. वय एकसष्ट, गुडघे कामातून गेलेले, पण जीभ अशी की उभा माणूस बटाट्यासारखा सोलून ठेवील. नवरा वारला तेव्हा गल्लीतले म्हणाले, सुटला बिचारा. ते तिच्या कानावर आलं तेव्हा ती म्हणाली, "सुटतोय कसला! पुढे जाऊन जागा धरून बसलाय. मी गेले की आहेच."

माशाच्या वड्यांचा कारखाना बंद पडला आणि तिची नोकरी गेली. या वयाच्या बाईला कोण उभं करतंय? हॉटेलवाल्यांनी नाही म्हटलं, हॉस्पिटलवाल्यांनी नाही म्हटलं. शेवटी सोम्यन भागातल्या एका सिनेमाघराने झाडू हातात दिला. तीन महिने काम बघू, मग कायम करू, असं मॅनेजर बांग म्हणाला. हा बांग म्हणजे चौतिशीचा पोरगा, केसाला तेल की काय ते लावून चकचकीत. तो तिला लाडीगोडीने 'मावशी' म्हणायचा. मालजाबाई त्याला 'बांगसाहेब' म्हणायची, आणि ते ऐकून त्याला उगाचच शर्टाची कॉलर नीट करावीशी वाटायची.

खेळ संपला की अंधारातच आत शिरायचं आणि लोकांनी केलेला उकिरडा निपटायचा, हे तिचं काम. मधल्या वेळात ती येणाऱ्या सिनेमांच्या पोस्टरांसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहायची आणि एकेकाची हजेरी घ्यायची. "हा बघा, पुन्हा पोलीसच रडतोय. चोर पकड की रे, रडतोस काय! आणि ही हिरॉईन, हिची पुन्हा स्मृती गेलीय. दर वर्षी एकीची जातेच. माझी एकदा जाऊ दे म्हणावं, निदान आपला संघ कसा खेळतो ते तरी विसरीन!"

कारण मालजाबाईचा खरा वैरी होता तो बुसानचा बेसबॉलचा संघ. तो जन्मला त्या वर्षापासून ती त्याच्या मागे होती, आणि तेव्हापासून त्याला शिव्या घालत होती. जिंकत आलेला सामना घालवावा तर यांनीच. तरी दर रविवारी डब्यात किंबाप, म्हणजे भाताच्या गुंडाळ्या, भरून, नारिंगी टोपी चढवून बाई स्टेडियमात हजर. "घरच्या कार्ट्याला टाकता येतं का?" असं ती म्हणायची. आणि एवढ्या वर्षांत एकही चेंडू कधी तिच्या वाट्याला आला नव्हता. पुढे पडायचा, मागे पडायचा, शेजारच्याच्या बिअरमध्ये पडायचा. तिच्या हातात कधीच नाही.

त्या रविवारी आला. सेऊलवाल्यांच्या फलंदाजाची बॅट वाकडी लागली, चेंडू उंच उडून प्रेक्षकांत आला, एका टकलावर आपटला आणि खुर्च्यांखाली घरंगळला. मालजाबाई गेलेल्या गुडघ्यांनिशी खाली सूर मारून पडली. उठली तेव्हा ढोपर सोललेलं होतं आणि चेंडू मुठीत होता.

आणि झालं! सगळं स्टेडियम ओरडायला लागलं, "पोराला द्या! पोराला द्या!"

बुसानची ही रीतच. मोठ्या माणसाच्या हाती चेंडू लागला की तो जवळच्या लहानग्याला द्यायचा, नाहीतर हजारो लोक घसा फोडून तुमचा जीव खातात. दोन रांगा खाली बसलेल्या एका काकांनी कुणाची तरी आठ वर्षांची मुलगी चक्क उचलून डोक्यावर धरली. "ओ आजी, हे बघा पोर! द्या की!"

"का द्यायचा?" मालजाबाई कडाडली. "तुझ्या बापाचा आहे? या संघाने जन्मभर मला नुसता ताप दिलाय. पहिल्यांदा काहीतरी हाताला लागलंय. नाही देत जा!"

तिने चेंडू पोलक्यात खुपसला, डबा उघडला आणि मोठ्या पडद्यावर आपलंच तोंड दिसत असताना किंबाप खायला सुरुवात केली. लोकांनी हुर्यो उडवली. ती शांतपणे चावत राहिली. तिला इतकं बरं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिच्या त्या प्रकाराचा व्हिडिओ गावभर झाला. सिनेमाघरात पोरंटोरं तिच्याकडे बोट दाखवून हसायला लागली, "हीच ती चेंडूवाली म्हातारी!" कुणीतरी कंपनीला लिहूनही कळवलं की असली माणसं तुम्ही ठेवता. बांगने तिला ऑफिसात बोलावलं.

"मावशी, मी तुम्हाला काढत नाहीये हं. पण वरून फोन आलाय."

"मग वरच्यांशीच बोलते मी. द्या फोन."

"ऐका तर! त्या मुलीचे आईवडील सापडलेत. पुढच्या महिन्यात लहान मुलांचा तो पेंग्विनचा सिनेमा येतोय ना? त्याच्या पोस्टरसमोर तुम्ही तिला चेंडू द्यायचा. एक फोटो. सगळे खूश."

"आणि नाही दिला तर?"

बांगने कॉलर नीट केली. "तीन महिने अजून व्हायचेत, मावशी."

झाडू गेला तर पुढे काय, हे मालजाबाईला नीट माहीत होतं. पण त्या बांगपुढे हरायचं? छट्! संध्याकाळी ती स्टेडियमजवळच्या दुकानात गेली, तसलाच एक चेंडू विकत घेतला, आणि घराच्या पायरीवर घासघासून त्याला जुनाट करून टाकला. खरा चेंडू तिने कोटाच्या खिशात ठेवला. तो ती आता घरी एकटा सोडतच नव्हती. "घ्या म्हणावं चेंडू," ती स्वतःशीच म्हणाली आणि पोट धरून हसली.

फोटोच्या दिवशी पेंग्विनसमोर मुलगी उभी केली. दायुल तिचं नाव. तिच्या आईने तिला नवा फ्रॉक घातला होता आणि बाप फोनवर चित्रीकरण करत होता. मालजाबाईने तोंड वाकडं करून चेंडू पुढे केला. बांग टाळ्या वाजवत होता. "वाकून, मावशी, वाकून! अजून थोडं हसा!"

मालजाबाई वाकली. मुलीने दोन्ही हातांनी चेंडू घेतला आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन हळूच म्हणाली, "आजी, तुमचं बरोबर होतं. मीसुद्धा दिला नसता."

मालजाबाईच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, कारण फोटो निघत होता. सगळ्या गावात तिची बाजू घेणारं एवढंच एक माणूस, आणि त्यालाच तिने फसवलं होतं. तिचा हात कोटाच्या खिशात गेला. चेंडूची शिवण बोटांना लागली.

"झालं! छान!" बांग म्हणाला. "चला मावशी, दोन नंबरच्या हॉलचा खेळ सुटलाय."

तिने हात रिकामाच बाहेर काढला आणि झाडू उचलला.

सरकत्या जिन्यावर मुलीच्या बापाने हात पुढे केला. "बघू गं जरा."

"नाही देणार," मुलगी म्हणाली आणि तिने चेंडू छातीशी घट्ट धरला.

मालजाबाईला वाटलं, हाक मारावी. जिना त्यांना वर नेईपर्यंत ती तिथेच उभी राहिली, आणि तिने हाक मारली नाही.